लांजी कुणाची?

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या ईशान्येला, आमगाव मागे टाकून राज्याची सीमा ओलांडली की लांजी लागतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. तट-बुरूज-खंदकाचा पडझड झालेला किल्ला, कोटेश्वर महादेवाचं जुनं देऊळ, चहूकडे धानाच्या बांध्या. आज भंडारा आणि गोंदिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचं मुख्य ठाणं १८२० पर्यंत इथं होतं. तिथून ते भंडाऱ्याला हललं, मग जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या रेषा फिरल्या, आणि आपल्या कारभाराचं जुनं केंद्र आपल्याच इतिहासाबाहेर पडलं. ते पुन्हा आत घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. त्यावरचे आक्षेप भक्कम आहेत आणि ते गोरेगावातच निघू शकतात. म्हणून ते इथं एका गुरुजींच्या तोंडी घातले आहेत. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवलेले हे गुरुजी कल्पित असले, तरी त्यांच्यासारखा विचार करणारी माणसं या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांना उत्तर देणं मी लागतो.

गुरुजी : हे बघ बाबू, पोरांना इतिहास शिकवायचा तर आधी त्यांच्या पायाखालची जमीन दाखवावी लागते. आपली पोरं महाराष्ट्रातली. १ मे १९६० ला हे राज्य झालं ते कोणी ताटात वाढून दिलं नाही, त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळ्या खाल्ल्या. पुढं १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. एवढ्या खटाटोपानं मिळालेली ओळख पक्की करायची की लगेच सीमेपलीकडचं गाव दाखवून ती सैल करायची? किल्लेच पाहिजेत तर अर्जुनी मोरगावकडचा प्रतापगड आहे, तुमसरकडचा आंबागड आहे, वैनगंगेकाठची पवनी आहे. पवनीच्या मातीच्या तटाआड दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. आपल्या घरचं एवढं पडलेलं असताना लांजीला का जायचं? तिथला किल्ला तिथलं राज्य सांभाळेल.

लेखक : गुरुजी, पवनीबद्दल तुमच्याशी वाद नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथं उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप उजेडात आणला, ते प्रत्येक मुलाला माहीत असायलाच हवं. पण ज्या रेषेच्या आधारे तुम्ही लांजी वगळता, त्या रेषेचं वय किती ते आधी पाहू. रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या १११४ च्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. तीत लांजिका, भाणार आणि वैरागर ही नावं आहेत. आजच्या हिशेबानं लांजी, भंडारा आणि गडचिरोलीतलं वैरागड. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या राजसत्तेला हा सगळा पट्टा आपल्या राज्याची पश्चिमेकडची कड म्हणून दिसत होता आणि लांजी व भंडारा एकाच यादीत होते. दोनशे वर्षांनी याच मुलखाकडं पश्चिमेकडून पाहिलं गेलं. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात भांडागार आणि वज्राकर, म्हणजे भंडारा आणि वैरागड, जिंकल्याचा उल्लेख येतो. एकाची पश्चिम सीमा ती दुसऱ्याची पूर्व सीमा. मधला मुलूख तोच आणि माणसंही तीच. पुढं देवगडच्या गोंड राज्याचा अंमल आला, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १७४१ मध्ये भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले, १७४३ नंतर नागपूर-देवगड रघूजी भोसल्यांच्या हाती आलं आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. तेव्हापासून लांजी ही सीमा उरली नाही. नागपूर आणि छत्तीसगड या एकाच सत्तेच्या दोन भागांच्या मधे ती आली. सीमेचं ठाणं कारभाराचं ठाणं झालं ते असं.

आता तुमची रेषा. बालाघाट जिल्हा इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार केला, आणि लांजीचा सखल भाग त्यात गेला. तरीही बालाघाट नागपूर विभागातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली तेव्हा तत्कालीन मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यात भंडारा होता आणि बालाघाट नव्हता. म्हणजे लांजी आणि गोरेगाव वेगवेगळ्या राज्यांत आहेत ती १९५६ पासून. ही वाटणी मला मान्य आहे, तिच्यासाठी झालेला लढाही मान्य आहे. पण नऊशे वर्षांची लेखी नोंद असलेलं गाव सत्तर वर्षांच्या रेषेमुळं आपल्या पाठातून गळावं, हे मला पटत नाही. रेषा कारभारासाठी आखली होती. त्या आधी काय घडलं ते पुसण्याचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही.

गुरुजी : नोंद आहे हे ठीक. पण नोंद काय आहे? खंडणी दिली, अंमल बदलला, ठाणं हललं. किल्ल्याचा इतिहास म्हणजे पराक्रम रे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, साताऱ्याकडचा प्रतापगड, खाली तमिळनाडूतली जिंजी. त्या प्रत्येकाच्या मागं एक प्रसंग उभा आहे, सांगायला लागलं की पोरं श्वास रोखून ऐकतात. त्या यादीत आपल्या विदर्भातला एकही नाही, गाविलगड-नरनाळ्यासारखे बलदंड किल्लेही नाहीत. मग लांजीची काय कथा? जिथं मोठी लढाई झाली नाही त्या तटाकडं बोट दाखवून पोरांना काय सांगणार?

लेखक : तटाची किंमत लढाईनं ठरते, हीच समजूत मला तपासून पाहायची आहे. ज्या देशानं सीमेवर तटबंद गावं बांधण्याचं शास्त्रच उभं केलं तो फ्रान्स पाहा. चौदाव्या लुईच्या काळात वोबाँ नावाच्या सेनानी-अभियंत्यानं राज्याच्या कडेनं अशा गावांची साखळी उभी केली. त्याच्या कामापैकी बारा ठिकाणं २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तीही बाराच. त्यात आल्प्समधलं माँ-दोफाँ आहे. १६९२ मध्ये सव्हॉयचा ड्यूक त्या बाजूनं आत घुसला, म्हणून १६९३ मध्ये वोबाँनं तिथं उंच पठारावर तटबंद गावाची आखणी केली. छावणी आणि नागरी वस्ती, दोन्ही त्यात. वीस वर्षांनी, १७१३ मध्ये, उत्रेख्तचा तह झाला, सीमा पुढच्या डोंगररांगेपर्यंत सरकली आणि गावाचं कामच संपलं. आखलेली वस्ती कधी पूर्ण भरली नाही, वेढा तर कधीच पडला नाही. दुसरं गाव न्फ-ब्रिसाक. १६९७ च्या रिस्विकच्या तहानं ऱ्हाईनपलीकडचं ब्रायझाख फ्रान्सला सोडावं लागलं, त्याची भरपाई म्हणून अलीकडच्या सपाटीवर वोबाँनं अष्टकोनी गाव नव्यानं वसवलं. त्याची खरी कसोटी लागली ती १८७० मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा ते जर्मनांच्या तोफांपुढं पडलं. एकानं लढाई पाहिलीच नाही, दुसऱ्यानं पाहिली ती हरण्यासाठी. तरीही दोन्ही जागतिक वारशात आहेत. कारण एक राज्य आपली कड कुठं मानत होतं, तिथं किती माणसं आणि किती धान्य गुंतवत होतं, आणि लांबच्या शहरात तह झाला की त्या गुंतवणुकीचं काय होत होतं, हे त्या तटांवरून वाचता येतं.

लांजीकडं याच दृष्टीनं पाहा. पूर्वेला मैकलच्या डोंगररांगा, पलीकडं छत्तीसगड, पश्चिमेला वैनगंगेचं खोरं. जंगल संपून धानाची सपाटी जिथं सुरू होते अशा जागी हे गाव आहे. रतनपूरच्या राजाला इथं खंडणी हवी होती, देवगडच्या गोंड राजांना पूर्वेची कड राखायची होती, भोसल्यांना वसूल गोळा करायला ठाणं हवं होतं. प्रत्येकाची गरज वेगळी, जागा एकच. लढाई एका दिवसाची असते. वर्षाचे बाकीचे दिवस तटाआड धान्याची कोठारं, दप्तर, बाजार आणि फौजेचा पगार असतो. मुलांना हे सांगितलं तर ती श्वास रोखणार नाहीत, हे मान्य. पण आपल्या गावात तहसील कचेरी का आहे आणि शेजारच्या गावात का नाही, असा प्रश्न ती विचारू लागतील. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो.

गुरुजी : कोठारं म्हणालास. आता कसा मुद्द्यावर आलास! त्या कोठारात धान कुणाचं होतं? आपल्याच कास्तकाराचं. तट बांधायला माती कुणी वाहिली? वेठीला धरलेल्या माणसांनी. आपल्या भागात अभिमान बाळगायचाच तर तलावांचा बाळगावा. कोहळी समाजानं नवेगावबांध बांधला, गावोगाव बोड्या आणि तलाव खोदले, आजही त्यावर रोवणी होते. ते सोडून वसुलीच्या ठाण्याची ओवी गायची? मला ते मनाला येत नाही.

लेखक : ओवी गाऊ नये, हे मला पूर्ण मान्य. तलाव हे या भूमीचं सर्वांत मोठं बांधकाम आहे, किल्ल्यांहून मोठं, यात शंका नाही. पण तलावाचा इतिहास तरी वसुलीशिवाय सांगता येतो का? तलाव बांधणाऱ्याला जमिनीत सूट कोणी दिली, सारा कोणी ठरवला, दुष्काळात तो माफ झाला की नाही, हे सगळं ठाण्याच्या दप्तरात ठरत होतं. कास्तकाराची बाजू मांडायची म्हणून ठाणंच वगळलं, तर त्याच्यावरचा बोजा कुठून आला हेही सांगता येणार नाही. वोबाँचंच पुढचं आयुष्य पाहा. जन्मभर तट बांधत हिंडताना त्यानं फ्रान्समधली खेडी आणि तिथली गरिबी जवळून पाहिली. शेवटी १७०७ मध्ये त्यानं करांवरचं पुस्तक छापलं. सरदार आणि धर्मगुरूंनाही कर लागू करा, सगळा भार शेतकऱ्यावर टाकू नका, असं त्यात मांडलं. राजाच्या मंडळानं पुस्तकावर बंदी घातली आणि त्याच वर्षी तो वारला. तटाचा खर्च कोण सोसतं हे तट बांधणाऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून किल्ला आणि कास्तकार हे दोन वेगळे धडे नाहीत.

आणि आपल्या बाजूचं १८१८ साल घ्या. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरवर इंग्रजांचा ताबा आला, मे १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसले कैदेतून निसटले, आणि त्या धामधुमीत गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेनं तो उठाव मोडला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मुख्य ठाणं लांजीहून भंडाऱ्याला गेलं. यातलं एक दुसऱ्याचं थेट कारण होतं असा दावा मी करत नाही. पण अल्पवयीन राजाच्या नावानं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स नागपूरचा कारभार पाहत होता. त्याच्या डोळ्यांनी नकाशा पाहिला तर भंडारा वैनगंगेच्या काठी, नागपूरहून पूर्वेकडं जाणाऱ्या वाटेवर आणि राजधानीच्या जवळ दिसतं, तर लांजी दूर, जंगलाच्या तोंडाशी, जमीनदारांच्या गराड्यात. आतून राज्य करायचं होतं तेव्हा लांजी सोयीची होती, नागपुरातून हुकूम पाठवायचे झाले तेव्हा भंडारा. पुढं रेल्वे गोंदियावरून गेली, धानाच्या गिरण्या तिथं उभ्या राहिल्या, आणि लांजी आणखी बाजूला पडली. एका गावाच्या उतरणीत सत्ता, वाट आणि बाजार या तिन्ही गोष्टी दिसतात. असा धडा आपल्या भागात दुसरीकडं इतका स्पष्ट मिळत नाही.

गुरुजी : एक गोष्ट तू टाळतो आहेस. जाजल्लदेव, रामचंद्र, रघूजी, जेंकिन्स. सगळे बाहेरचे. लांजीभोवतीचा मुलूख गोंडांचा. तू लांजी ‘आपली’ म्हणतोस तेव्हा त्या ‘आपल्या’त ते कुठं बसतात? मराठी माणसानं लांजीवर हक्क सांगायचा, हिंदी माणसानं ती राखायची आणि ज्यांची ती आधी होती ते दोन्हीकडं तळटीपेत!

लेखक : गुरुजी, हा आक्षेप बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे आणि त्यानं माझं म्हणणं बदलावं लागतं. मी सुरुवात शिलालेखापासून केली, कारण लेखी पुरावा राजांनी कोरून ठेवला. पण देवगडच्या गोंड राज्याचा काळ हा दोन मोठ्या सत्तांमधला रिकामा कप्पा नव्हे. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, ज्या शहरातून पुढं लांजीवर कारभार झाला. लांजीची गोष्ट सांगायची तर ती गोंड राज्याला मध्यावर ठेवूनच सांगावी लागेल. उलट मला तर यातच माझ्या मुद्द्याचा सर्वांत मोठा आधार दिसतो. आपल्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथं मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा कितीतरी राज्यांतून गोंड समाज आपल्या मूळ श्रद्धास्थानी जमतो. त्यांच्या यात्रेत राज्याची सीमा आडवी येत नाही. पोवार समाजाचंही तसंच. बालाघाट, शिवनी, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत पोवारी बोलली जाते आणि सोयरिकी दोन्हीकडं होतात. ज्यांची नाती रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत त्यांच्यासाठी इतिहास रेषेपाशी तोडणं हे त्यांना अर्ध्यातच गप्प करण्यासारखं आहे.

गुरुजी : बरं, तेही मानतो. पण ‘आपली लांजी’ म्हणायला लागलास की पलीकडचा माणूस दचकेल. आज धडा मागतो आहेस, उद्या तालुका मागशील असं त्याला वाटलं तर त्याची चूक काय? बेळगावचं भांडण आपण किती वर्षं पाहतो आहोत. इथं सुखानं नांदणाऱ्या दोन जिल्ह्यांत नवीन वाद कशाला पेटवायचा?

लेखक : ही भीती खरी आहे. म्हणून ‘आपली’ या शब्दाचा अर्थ मालकी असा घ्यायचाच नाही. बाघ नदीचं उदाहरण घ्या. दोन्ही राज्यांच्या सीमेवरून ती वैनगंगेकडं जाते. तिच्या खोऱ्यात शिरपूर, पुजारीटोला, कालीसरार ही धरणं झाली आणि बाघ प्रकल्प आंतरराज्य प्रकल्प म्हणून उभा राहिला. त्याचं पाणी गोंदियातल्या शेतात जातं आणि बालाघाटातल्याही. पाण्याचा हिशेब दोन्ही सरकारं मांडतात, तक्रारी होतात, त्या मिटवल्या जातात, पण म्हणून नदी कुणी मागितलेली नाही. फ्रान्सकडं पुन्हा एकदा पाहा. न्फ-ब्रिसाक ज्या अल्सासमध्ये आहे तो प्रांत १८७१ मध्ये जर्मनीकडं गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडं परतला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेला. त्या भूमीवरून लाखो माणसं मेली. त्याच दोन देशांनी २००६ मध्ये माध्यमिक शाळांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक काढलं, फ्रेंच आणि जर्मन अशा दोन भाषांत, मजकूर तोच. तिथं एवढं रक्त सांडलं असताना हे जमलं. लांजी आणि गोरेगाव यांच्यामधे तर कधी वैरच नव्हतं.

मला हवी आहे ती जिल्ह्यापुरती पुस्तिका. साधनं मोठ्या प्रमाणात हाताशी आहेत. जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा १८२७ चा अहवाल आहे. बालाघाटचं लो यांनी लिहिलेलं गॅझेटियर १९०७ चं आणि भंडाऱ्याचं रसेल यांनी संपादलेलं १९०८ चं. एका वर्षाच्या अंतरानं, एकाच प्रांताच्या सरकारनं काढलेली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर लांजीचा जुना मुलूख पुन्हा जुळतो. आज भंडारा-गोंदियात एक वाचलं जातं, बालाघाटात दुसरं. इकडच्या आणि तिकडच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी एकत्र बसून मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या चारही भाषांत ही पुस्तिका लिहावी. किल्ल्याची डागडुजी तिथल्या खात्याकडंच राहील. आपली मुलं तिथं सहलीला जातील, तिकडची कचारगडला आणि नवेगावबांधला येतील.

गुरुजी : चार भाषांत म्हणालास ते बरं केलंस. पण मग माझ्या दोन अटी. पहिलं प्रकरण शिलालेखाचं नको, गोंडांचं हवं, आणि ते गोंडी जाणणाऱ्यानं लिहायला हवं, तू नव्हे. दुसरी अट अशी की चिमणा पटेलाला देशभक्तीचा पुतळा करून ठेवू नका. तो जमीनदार होता, त्याच्या उठावात कास्तकाराचं काय झालं तेही शोधा.

लेखक : दोन्ही मान्य, गुरुजी. दुसऱ्या अटीसाठी कामठ्याची आणि लांजीची जुनी महसुली कागदपत्रं पाहावी लागतील. ठाणं ज्या वाटेनं लांजीहून भंडाऱ्याला गेलं आणि भंडाऱ्याचा कारभार ज्या नागपुराला जोडलेला होता, त्याच वाटेनं त्या कागदांचा माग काढायला हवा. काम तिथूनच सुरू करावं, असं मला वाटतं.